पेन्सिलीएवढी फट

जिथून पेन्सिल जाते तिथून उंदीर जातो,
हे मी प्रत्येक घरात सांगतो
आणि कानामागची पेन्सिल काढून दाखवतो.
ओबनच्या बंदराच्या वर, तिसऱ्या मजल्यावर
मार्सली मॅकफी, नव्वदीला टेकलेली.
तिने पेन्सिल हातात घेतली, बोटांत फिरवली,
म्हणाली, "आमच्याकडचे याहून सडपातळ होते."

मी गुडघ्यांवर. चुलीमागे लेंड्या,
काळ्या तांदळासारख्या, ताज्या.
पाइपाभोवती बोटभर पोकळी.
ती खुर्चीतून सूचना देते:
चीज नको, चीज गोष्टीतले उंदीर खातात.
(ठाऊक आहे, बाई. एकवीस वर्षं हेच करतोय.)
मी सापळ्याला पीनट बटर लावतो,
वाटाण्याएवढं.

बेटावर सोळा घरं होती, ती सांगते.
ओटचं पिंप आढ्याला टांगलेलं,
दोराच्या मध्यावर पाटीचा सपाट दगड ओवलेला,
वरून उतरणारा घसरून पडावा म्हणून.
पडायचे. झटकून पुन्हा चढायचे.
बूट घालण्याआधी उलटा आपटायचा,
हे ती चालण्याआधी शिकली.
दहा शेपट्या आणल्या की पोरांना
समुद्रपाखराचं एक उकडलेलं अंडं.
आणि दर शनिवारी रात्री बाप
लोकर डांबरात बुडवून
भिंतीतली भोकं बुजवत बसायचा,
शिव्या देत. रविवारी देता येत नसत.

मग बोट आली.
सगळ्यांना न्यायला, कायमची.
आई दारात उभी, काखेत कोंबडी.
आणि बाप चांगल्या कोटात खाली बसला,
शेगडीशेजारी नवं भोक पडलं होतं,
ते त्याने बुजवलं. अंगठ्याने दाबून, नीट.
बोटीने दोनदा भोंगा दिला.
"शनिवार होता ना," मार्सली म्हणते.
एवढंच.

दोन उन्हाळ्यांनी एक पक्षी मोजणारा
बेटावर जाऊन आला, यांना भेटायला आला.
घरं उभी आहेत, म्हणाला. दारंही.
उंदीर एकही नाही.
मेणबत्त्या वातीपर्यंत खाल्लेल्या,
चामड्याचा पट्टा, स्तोत्रांच्या पुस्तकाच्या पाठीचा डिंक,
मग काहीच नाही.
कड्यावरचे रानउंदीर मजेत होते,
त्यांना माणसांचं काही देणंघेणं नव्हतं.
हे घरातले मात्र सोळाच्या सोळा घरांतून संपले.

बाप तेव्हा कालव्याच्या दरवाज्यावर नोकरीला.
त्याने चमचा ताटात ठेवला.
"तीस वर्षं," म्हणाला, "तीस वर्षं डांबर.
उपाय इतका सोपा होता होय."
आणि जेवण तसंच टाकून उठला.

मी पोकळीत लोखंडी लोकर कोंबली, वर सिमेंट.
पंधरा दिवसांनी आलो तेव्हा तीन सापडले होते.
तिला बघायचे होते. लोक सहसा तोंड फिरवतात.
तिने चष्मा लावला, एकाचं पोट
पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच दाबलं.
"खाऊनपिऊन सुखी होता," म्हणाली,
आणि मला बिस्किट दिलं.
ती पेन्सिल मी परत मागितली नाही.

मार्चमध्ये घरमालकाचा फोन.
फ्लॅट रिकामा झालाय, नवे भाडेकरू यायचेत,
एकदा बघून जा.
खुर्ची नेलेली. फरशीवर तिच्या चार पायांचे ठसे.
सापळे लागलेले, पीनट बटर वाळून तडकलेलं.
मी रात्री जमिनीवर पीठ पसरून गेलो,
सकाळी जसंच्या तसं. एक पाऊल नाही,
शेपटीची एक रेघ नाही.

फॉर्मवर रकाना असतो: केलेला उपाय.
मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो,
नवी पेन्सिल कानामागेच.

खाली बेकरी आहे. तिथे गेले असतील.
तिथेच जातात, बहुतेक वेळा.
बेकरीवाल्याचा फोन
अजून आलेला नाही.