दम धर

पहिला व्हिडिओ पाहून हिलालकाका बोरसे
(पारोळ्यातली निम्मी लग्नं ज्यांच्या कॅसेटींमध्ये पिवळी पडलीत)
एवढंच म्हणाले :
भूकंप झाला होता का एरंडोलात?

मी नुसती धावत होते.
ऐरण, शेगडी, आप्पांचं कपाळ, भिंतीवरचं कॅलेंडर,
परत ऐरण,
आणि मध्येच दोन बोटांनी ताणून जवळ आणलेली
पोतीची वाटी,
फुटलेली, दाणेदार, गुळाच्या खड्यासारखी.

झूम म्हणजे पायांचा आळस, काका म्हणाले.
जवळ जायचं तर चालत जा.
दारातला उजेड बाजूनं येऊ दे,
सोनं समोरून पितळ दिसतं.
माणसाच्या डोक्यावर हातभर भिंत सोडलीस
की माणूस विहिरीत उभा.
पंखा बंद. फुंकणी ऐकू आली पाहिजे.
ट्रायपॉड कशाला, घरात हरभऱ्याची पिशवी नाही?
आणि बटण दाबलं की मनात दहा मोज.
आठव्याला कंटाळा येतो.
नवव्याला काहीतरी घडतं.

शनिवारी गिऱ्हाईक ओसरल्यावर
दाराची एक फळी लोटली.
पिशवीत खळगा केला, फोन बसवला,
कोपरं बरगड्यांना लावली, श्वास अर्धा सोडला.
आप्पा चष्म्यावरून हसले.
ते तसेच बसले होते : कोपरं बरगड्यांना,
गालात साठवलेली हवा.
‘हाई ते मी चाळीस वरीसपाईन सांगी ऱ्हायनू.
दम धर.’

एक.
ज्योत आडवी झाली.
दोन, तीन. सवागी फसफसली, शांत झाली.
चिमट्यात कडी, तांदळाच्या कणीएवढी.
पाच.
काळोखाची कड ओळंब्यासारखी सरळ.
सात.
आठ. खरंच कंटाळा आला.

नऊ.
मला वाटलं पिशवी सरकली.
फोन पाहिला. पिशवी पाहिली.
शेगडीची कड, भिंतीवरचा खिळा,
सगळं जागच्या जागी.
हलत होता तो चिमटा.

आधीच्या इतक्या व्हिडिओंमध्ये
हे सापडलं नव्हतं.
तिथं सगळंच हलत होतं.

दहाला कडी बसली.
दुसऱ्या प्रयत्नात.
मान वर न करता आप्पांनी विचारलं, आलं का नीट?
आलं, म्हटलं.

रात्री हिलालकाकांनी तो तुकडा दोनदा पाहिला.
फ्रेम चांगली आहे, म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं : आवाजही.
आणि चहा न घेताच गेले.

दुकानाच्या नावानं गावभर फिरतोय त्या व्हिडिओत
आठनंतर सरळ दहा आहे.
किती रात्री घासला तो सांधा,
ज्योतीला ज्योत जुळेपर्यंत.

आप्पांनी सकाळी फोन हातभर लांब धरून पाहिला.
पुन्हा पाहिला.
फोन माझ्या हातात ठेवला, अलगद,
तोळाभर वजन असल्यासारखा :
‘डाक चांगला लागना, बेटा.
सांधा दिसत नही.’