अडतीस टक्के

निकालपत्राच्या अकराव्या पानावर लिहिलंय :
विम्यातून न सुटलेला मुलीच्या औषधपाण्याचा खर्च
आईनं बासष्ट टक्के, बापानं अडतीस.
पावती तीस दिवसांत पाठवायची,
पैसे त्यापुढच्या तीस दिवसांत.
न्यायाधीशबाईंना घाई होती, बाहेर बर्फ भुरभुरत होता,
आणि मला वाटलं होतं,
चला, एक तरी गोष्ट स्पष्ट झाली.

तेव्हापासून मारेन पावत्या पाठवते.
दम्याचे पंप, दोन. वाफेच्या यंत्राचा मुखवटा.
दातांची तार, जिच्यावर आम्ही सहा आठवडे भांडलो
(वाकडे दात हा आजार, की नुसती शोभा?).
चष्मा माझ्या घरी फुटला,
म्हणून तो अख्खा माझा, असं तिचं म्हणणं.
चष्मा नाकावर होता आणि नाक दोघांचं, असं माझं.
हे मी खरंच लिहून पाठवलं होतं.
उत्तरात तिनं फक्त रक्कम लिहिली.

मी डुलुथच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलतो.
पहाटे तीनला उतारावरून खाली येताना
सरोवर दिसत नाही, नुसता काळोख पसरलेला असतो
आणि धक्क्यावर एखादा दिवा.
गाडीचं पातं एका बाजूला कलतं,
सगळा बर्फ कुणाच्या तरी दारात जाऊन पडतो.
त्याला इलाज नाही.

फेब्रुवारीत, माझ्या वाट्याच्या शनिवारी,
टिल्डा टेबलाशी खांदे वर ओढून बसली होती.
श्वासागणिक गळ्याखालचा खळगा आत जात होता.
पंप कुठाय?
संपलाय. मंगळवारीच.
आईला का नाही सांगितलंस?
"महिना संपू दे म्हटलं,"
एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली,
"या महिन्याची पावती आधीच मोठी झालीये."

नऊ वर्षांची आहे ती.
सातचा पाढा तिला अजून धड येत नाही.

आपत्कालीन विभागाच्या खिडकीत डोनेल नावाची बाई होती.
तिनं काचेखालून कागद सरकवला.
जबाबदार व्यक्ती, आणि पुढे रेघ.
एकच.
मी म्हणालो, आमच्याकडे कोर्टाचा हुकूम आहे, अकरावं पान...
ती म्हणाली, तुमचा हुकूम तुमच्यापाशी.
हॉस्पिटल काही त्या खटल्यात नव्हतं.
जो सही करेल, त्याच्या नावे बिल.

मारेन आली ती पायजम्यावर कोट चढवून,
बुटांच्या नाड्या फरशीवर लोळत.
तिनं माझ्या हातातलं पेन बघितलं.
मी अजून सही केलेली नव्हती.
हे मी लपवत नाही.
सात हजार, कदाचित नऊ, असं डोक्यात चाललं होतं
आणि पडद्यामागे यंत्र फुसफुसत होतं.
तिनं हात पुढे केला.
मी पेन दिलं नाही.
सही इतकी वाकडी आली
की बँकेनं परत पाठवली असती.

चार वाजता टिल्डाला झोप लागली.
यंत्रातून बिस्किटांचा पुडा काढला, सहा बिस्किटांचा.
मारेननं चार खाल्ली, मी दोन.
"म्हणजे जवळपास बरोबरच," ती म्हणाली,
आणि आम्ही हसलो, पण लगेच गप्प झालो,
कारण हसणं फार जुन्या सवयीचं निघालं.

मार्चअखेर बिल आलं. मी फोटो पाठवला.
तिचे बासष्ट टक्के आले, पै न् पै.
सोबत एक खोकं, आत नवा पंप,
माझ्या घरी ठेवायला.
मी पावती मागितली.
तिनं लिहिलं, हरवली.
मारेनकडून आजवर एक पावती हरवलेली नाही.

टिल्डा आता वेळेवर पंप ओढते.
त्याच्या पाठीवर इवलासा आकडा असतो,
दोनशेपासून उलटा उतरत जाणारा.
तो बघायचा नाही, असं दोन्ही घरांत बजावलंय.
दिवा मालवायच्या आधी
ती अंगठ्यानं तो पुसते
आणि बघते.