मोटर गप्प होती

झ्लिनमधल्या लाल विटांच्या इमारतीत,
जिथे पूर्वी बुटांचे तळ कापले जात,
आम्ही आता न दिसणाऱ्या गोष्टी मळतो.

मळतो, हाच शब्द.
दोन मळसूत्रं एकमेकांत दात घालून फिरतात,
मध्ये वितळलेलं प्लास्टिक, दोनशे तीस अंश,
आणि त्यात सिलिकाचे कण,
एका केसाच्या जाडीत हजारो मावतील एवढे.

कण घातले की वस्तू बळकट होते, हे कुणीही सांगेल.
तीच वस्तू मग साच्यात शिरायला नकार देते,
हे लिबुशेला विचारावं.
एकतीस वर्षं ती या यंत्रापाशी उभी आहे.
श्रवणयंत्र काढून खिशात ठेवते,
आणि मोटरच्या पाठीवर तळहात टेकून ऐकते.
"कण्हतेय," म्हणते.
काटा नव्वदच्या पुढे.
मग सगळं थांबतं, आणि यंत्राच्या तोंडाशी
फाटक्या कडांचा एक दोर लोंबत राहतो,
शार्कच्या कातडीसारखा खरखरीत.

मोडेन पण वाकणार नाही
असं म्हणणाऱ्यांचे पुतळे होतात.
नळ्या होत नाहीत.
गाडीचे बंपर होत नाहीत,
लहान मुलाच्या कृत्रिम पायाचा घोटा होत नाही.

माझं काम वरच्या मजल्यावर, पडद्यासमोर:
कणांना केस लावायचे.
उघडा कण उघड्या कणालाच बिलगतो,
गरम रश्शात पीठ भसकन ओतावं तशा गुठळ्या.
केस दाट लावले
तर कण गुळगुळीत घरंगळतात, शेजाऱ्याला हात देत नाहीत;
वाहतं छान, ओढलं की तुटतं.
विरळ आणि लांब लावले
तर शेजारच्या साखळ्यांत शिरतात, गुंततात, धरतात,
आणि खाली पुन्हा तेच कण्हणं.
सहा आठवडे मी लांबी बदलत होते.
सहा आठवडे लिबुशे यंत्राच्या नरड्यातून
माझ्या चुका पितळी खरवडणीनं काढत होती.

तिचे वडील याच मजल्यावर
चामडं कळबुतावर चढवायचे.
रात्रभर भिजवून, मग सकाळी.
"चामडं हट्टी नसतं," ती म्हणाली,
"त्याला नरम व्हायची वेळ सांगावी लागते.
तुझे केस गरम झाल्यावर हात सोडतात का?"

नव्हते सोडत.
मी त्यांना सोडायला शिकवलंच नव्हतं.

मग प्रत्येक केसाच्या टोकाला
एक दुबळा हात लावला.
थंडीत धरेल, आचेत सोडेल,
निवताना पुन्हा चाचपडत
मिळेल तो हात पकडेल.
एकटा असा हात कशालाच पुरत नाही.
ते किती आहेत, याच्यावरच सगळी भिस्त.

मंगळवारी, पावणेचारला, दोर बाहेर आला.
काचेसारखा. न थरथरता
पाण्याच्या नांदेत उतरला आणि पुढे चालत राहिला.
राडोमिलनं नमुना ताणयंत्रात लावला:
मधोमध पांढरा पडला, कमरेत बारीक झाला,
लांबला, लांबला,
आणि आम्ही तिघंही काही बोललो नाही,
बोललं तर तुटेल अशा भीतीनं.
तुटला, पण हव्या त्या आकड्याच्या खूप पुढे.

नोंदवहीत लिबुशेनं एवढंच लिहिलं:
मोटर गप्प होती.

गुरुवारी पुन्हा केलं.
गुरुवारी दोरभर बुडबुडे.
पोतं रात्री उघडं राहिलं होतं,
माझ्याकडून; आणि ते दुबळे हात
हवेतल्या पाण्याचाच हात धरून बसले होते.
"बाबा भिजवायचे," लिबुशे म्हणाली, "तू वाळव."

आता भट्टी चालू आहे, ऐंशी अंश, सकाळपर्यंत.
दारावर पाटी: येथे इतर काहीही ठेवू नये.
वरच्या पत्र्यावर
लिबुशेचे ओले लोकरी हातमोजे.