ईस्ट स्टँड, रिव्हिजन सात

संघ अजून नाही.
नाव नाही, जर्सीचा रंग ठरलेला नाही,
तिसऱ्या डिव्हिजनसाठी लीगकडे अर्ज गेलाय
आणि उत्तर ईदनंतर येईल म्हणतात.
कुठल्या ईदनंतर, ते म्हणत नाहीत.

तोवर मी त्यांचं मैदान काढतोय
उम्म अल-कुवैनला, टायरच्या दुकानावरच्या ऑफिसात,
एसीचं पाणी बादलीत टपकतं त्या तालावर.
उत्तर-दक्षिण, किंचित तिरकं,
म्हणजे उतरतं ऊन गोलकीपरच्या डोळ्यांत जाऊ नये.
गोलकीपर अजून कुणी नाही,
पण त्याच्या डोळ्यांची काळजी आत्तापासून.

जमीन सबखा. वरून पापडासारखी,
दीड मीटरवर खारं पाणी.
मातीचा रिपोर्ट वाचून कुरुविला म्हणाला,
"इथं पाया नको, होडी बांध."

मालक ओबैद, सिमेंट ब्लॉकचा कारखानदार.
दर मंगळवारी येतो, स्वतःचा थर्मास घेऊन,
आणि दर मंगळवारी थोडं मैदान घेऊन जातो.
पहिल्या रिव्हिजनला आठ हजार खुर्च्या होत्या,
तिसऱ्याला पाच.
चौथ्यात छप्पर गेलं,
पाचव्यात दिव्यांचे दोन खांब.
सहाव्यात त्यानं कागद उलटा ठेवला
आणि कारखान्यातल्या माणसांकडून शिकलेल्या हिंदीत विचारलं,
"देखने कौन आएगा?"

आमच्या कोल्हापुरात हे कुणी विचारलं नसतं.
तालमीची मॅच म्हणजे बुडाखाली पेपर घालून
तापल्या पायरीवर दोन तास,
आणि हरलो तर आठवडाभर
पलीकडच्या पेठेतलं दूधसुद्धा चालायचं नाही.
माझ्या विश्राममामानं एकदा पेनल्टी बाहेर मारली.
पस्तीस वर्षं झाली.
अजून लग्नाच्या पंगतीत कुणीतरी वाढताना विचारतंच,
"पानात घालू, का बाहेर?"

हे ओबैदला कुठल्या भाषेत सांगणार?
म्हटलं, बघतो.

शुक्रवारी खुंट्या तपासायला प्लॉटवर गेलो.
खुंट्या जागेवर नव्हत्या.
माझ्या लाल फडक्यांच्या चार सर्व्हे खुंट्या
दोन-दोन करून समोरासमोर रोवलेल्या,
मध्ये पाण्याचे टँकरवाले
विरुद्ध ॲल्युमिनियमच्या वर्कशॉपवाले,
आणि धूळ.
टँकर पश्चिमेला लावलेले, टपांवर माणसं,
खाली सावलीत माणसं,
कुंपणाला टेकून एक मिसरी नर्स, ड्युटीच्या कपड्यांत.
सवयीनं मोजली.
एकशे बेचाळीस.

कुणीतरी सरकलं, बसायला पुठ्ठा दिला.
"साब, बिल्डिंग?"
"मैदान."
"किस का?"
मी पाण्याची बाटली उघडली, बराच वेळ.

त्यांचं मैदान पूर्व-पश्चिम होतं. साफ चुकीचं.
पूर्वेच्या गोलमध्ये शफिउल नावाचा पोरगा, अनवाणी,
दोन टँकरांमधल्या फटीतून ऊन थेट त्याच्या तोंडावर.
डावा हात कपाळावर धरून
उजव्यानं त्यानं बॉल बाहेर ढकलला
आणि टपांवरचे सगळे पत्र्यावर पाय आपटू लागले.

शनिवारी मी पूर्वेची भिंत पुसली.
खुर्च्याही पुसल्या.
तिथं खोदकामाची माती उतरती ओढून घेतली,
वर जिप्समचा थर, कडेला पाण्याचा एक नळ,
रस्त्याकडून यायला वाट, फाटक नाही.
शेजारी टीप लिहिली:
भराव साइटबाहेर नेऊ नये.

मंगळवारी ओबैदनं आकडा पाहिला.
माती वाहून न्यायचे पैसे वाचतात, भिंतीचे वाचतात.
"यहाँ टिकट?"
"यहाँ टिकट नहीं."
तो थर्मासचं झाकण फिरवत राहिला.
मग सही केली, पैशांसाठी केली असं मी धरतो.
जाताना म्हणाला, नळ दोन कर.

लीगचं उत्तर अजून नाही.
जुन्या खुंट्या मी परत मागितल्या नाहीत.
स्टोअरमधून नव्या घेतल्या,
चार लागतात,
आठ लिहून घेतल्या.