सोनेरी सभासद

पाकिटाच्या तिसऱ्या कप्प्यात पाच कार्डं आहेत माझी.
दोन विमानांची, दोन हॉटेलांची,
पाचवं कशाचं ते आता मलाही सांगता येत नाही:
निळ्यावर पांढरा पक्षी, डोकं झिजून गेलेला.

सगळ्यांवर उठावाची अक्षरं: प्रेमानंद जी. म्हामल.

तेव्हा मी खाणींना पंप विकायचो.
पहाटे चारला डिचोली सोडायची,
दाबोळी येईस्तोवर शर्टाची इस्त्री टिकायची,
पण कॉलरीच्या आत लाल धूळ असायचीच.
तरी काउंटरवरची मुलगी मला रांगेतून पुढे घ्यायची,
‘वेलकम बॅक, मिस्टर म्हामल.’
घरी असं कोणी म्हणत नसे.
घरी विचारत, जेवून आलास की वाढू?

रायपूर, भुवनेश्वर, रांची.
हॉटेलातल्या साबणाच्या वड्या मी बॅगेत टाकून आणायचो,
शलाका त्यांची भातुकलीत घरं बांधायची.

खाणी बंद पडल्या त्या एका दिवसात.
कार्डांना कळायला दीड वर्ष लागलं.
मग पत्र आलं, सोनेरीवरून रुपेरी.
पुढल्या साली रुपेरीवरून साधं.
एवढ्या अदबीनं मला आजवर
कोणी खाली उतरवलं नव्हतं.

आता उरलेत एकवीस हजार चारशे पॉइंट,
तेही एकतीस तारखेपर्यंत.
त्यात हैदराबादचं एक तिकीट येतं.
दोन हवी असतील तर साडेतीनशे कमी पडतात.
नाहीतर कॅसरोलचा सेट.
सुलक्षा म्हणाली, कॅसरोल दोन आहेत घरात,
तुम्हीच या जाऊन.
जाऊन भेटू कोणाला?

रविवारी तिनं बाजारातून शेवटे आणले.
सुरीची धार गेलेली.
म्हणाली, तुमचं ते एखादं द्या बघू,
आणि हात पुसून सोनेरीच उचललं.
शेपटीकडून डोक्याकडे सर्रकन ओढलं.
‘हें बरें चलता,’ म्हणाली.
खवले उडून नळावर, तिच्या बांगड्यांवर,
माझ्या नावावर.
कुंपणापलीकडून कॉन्सेसांव बघत होती,
तिनं विचारलं, आणखी आहे का?
चार आहेत, मी म्हटलं,
आणि ते सांगताना जरा ताठच उभा राहिलो.

रात्री पंखा बंद करून सुलक्षा आडवी झाली.
बराच वेळ गप्प.
मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली,
खिडकीकडची जागा
मागितली तर देतात का हो?

मी उठलो, फोन लावला.
पलीकडचा मुलगा म्हणाला, सर, कार्डाचा नंबर.
स्वयंपाकघरात दिवा लावून
चमच्यांच्या डब्यातून कार्ड काढलं.
सात, नऊ, शून्य.
पुढचा आकडा खवल्याखाली होता.
थांबा हं, म्हटलं, आणि नखानं खरवडायला लागलो.
तीन असेल,
किंवा आठ.