चिठ्ठी क्रमांक दोनशे चौदा

शब्द: इकॅवॅ.
गाव: तळ्याकाठचं, फिनलंड.
सांगणारी: तायमी, वय एकसष्ट, तराफा ओढते.
अर्थ:
इथे आर्नेची पेन्सिल थांबली.

तळहाताएवढ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन
तो हेलसिंकीहून आलेला, बोलीतले शब्द वेचत.
मासे खारवायच्या पिंपाला काय म्हणता,
जाड बर्फाला काय, पातळ बर्फाला काय,
सगळं कॉफी निवायच्या आत झालं.
मग हा. त्याला वाटलं, सोपा आहे.

ती म्हणाली, पाद्रीबुवांचं प्रवचन, ते इकॅवॅ.
त्याने लिहिलं, कंटाळवाणं.
नोव्हेंबरातलं आभाळ. ओला लाकूडफाटा.
आमचे जावई बोलायला लागले की.
तो स्वल्पविराम देत गेला.

पैलतीरावर कुणी घंटा बडवली.
दोघं तराफ्यावर चढली.
तार ओढता ओढता ती म्हणाली,
दिवसभर कुणी उतारू नसला ना, की मला येते.
काय येते?
तीच.
म्हणजे कंटाळा?
हो. नाही रे. कालेर्वो.
पातळ बर्फाचे चारही शब्द त्याला येत होते.

(त्यांच्या भाषेत तो नाही, ती नाही.
इकॅवॅला ती मी केलं.
आमच्याकडे कंटाळा येतो, आठवणही येते,
पण दोघांच्या चपला दारात वेगळ्या ओळखू येतात.
इथे एकच जोड, झिजलेला,
आणि आत कोण बसलंय ते
दार उघडल्यावर कळतं.)

पलीकडे दुधाचे कॅन घेतलेला पोरगा उभा होता.
चढला, उतरला, पैसे द्यायचे विसरला.

नियम छापील होता:
अर्थ दोन असतील तर चिठ्ठ्या दोन कराव्यात.
आर्नेने कोरी चिठ्ठी काढली,
बोटांत फिरवली, परत गठ्ठ्यात सारली.
पहिलीवरच, कडेच्या उरल्या जागेत,
बारीक अक्षरात उदाहरण लिहिलं:
"तराफा रिकामा परत आणताना तार जड लागते."
त्यात तो शब्दच नव्हता.
वरचे साहेब खोडतील, त्याला ठाऊक होतं.

बस पाचला. अजून दोन तास.
तो काठावरच्या फळीवर बसला.
पहिला तास त्याने कंटाळ्यात मोजला.
दुसरा कशात मोजावा
ते त्याला कळेना.