मधली उडी

भोपी मॅडमनी माझ्या स्पाइक्समध्ये बसवली आहे
नखाएवढी चकती.
टाच आधी टेकली, की कट्ट्यावरचा मोबाइल चिवचिवतो.
तळवा नीट सपाट पडला, की गप्प.
ते गप्प राहणं म्हणजे शाबासकी.

ऐरोलीचं मैदान, सकाळचे साडेसात.
खाडीकडून चिखलाचा वास येतोय.
अठरा पावलं, फळी,
मग पहिला पाय धप्प, लगेच दुसरा टप्,
आणि कितीतरी वेळानं वाळूची फस्स.
मधली उडी कायम अर्धपोटी,
पानावरून उठून गेलेल्या पाहुण्यासारखी.
मोबाइल चिवचिवतो. मी परत मागे जाते.

आज बाबा आलेत, रबाळ्याहून, रात्रपाळी उरकून,
डबा अजून खांद्याला.
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून
हा माणूस सांगतो,
कुठलं बेअरिंग दिवाळी बघणार नाही.
पण प्रेस शॉपच्या सव्वीस वर्षांनी
त्याच्या कानातले बारीक आवाज केव्हाच नेले:
कुकरची शिट्टी, दारावरची बेल, आईचं हळू बोलणं.
चिवचिवही त्याला ऐकू येत नाही.
मॅडम म्हणाल्या, "ऐकलंत?"
तो म्हणाला, "काय?"

मग चपला काढून कट्ट्याखालच्या सिमेंटवर
अनवाणी उभा राहिला. पाठ माझ्याकडे.
मी धावले.
वाळू झटकत वर आले तेव्हा
तो भिंतीकडेच बघत होता.
"मधल्याला ग्रीस नाही," म्हणाला.
"पहिल्यातच सगळं उधळतेस.
दुसऱ्यासाठी थोडं राखून ठेव."

हेच मॅडम जूनपासून सांगतायत,
आलेख काढून, टक्के काढून.
मला राग आला. कोणाचा, ते कळलं नाही.

नंतर सात उड्या, दोन फाऊल.
आठवीच्या वेळी हवेत असतानाच वाटलं,
दुसरा पाय अजून येत नाहीये,
येत नाहीये,
आला.
मोबाइल गप्प.
मॅडम टेप धरून वाकलेल्या: अकरा एक्केचाळीस.

"किती?" बाबांनी विचारलं.
मी सांगितलं. पुन्हा सांगितलं.
त्यानं कान पुढे केला, कपाळाला आठ्या.
मग मी त्याच्याजवळ गेले
आणि सिमेंटवर पाय आपटला, तीनदा,
सारखं अंतर ठेवून.

"हां," तो म्हणाला,
आणि चपला शोधू लागला.